रणगाड्याचे पहिले किट निवडताना: गोव्यातील नवोदितांसाठी मार्गदर्शन

गोव्यात रणगाड्याचे स्केल मॉडेल किट घ्यायचे ठरवले की पहिली अडचण येते ती पेटी प्रत्यक्ष पाहण्याची. पणजी, मडगाव, म्हापसा येथील खेळण्यांच्या दुकानांत तयार गाड्या आणि विमाने मिळतात. पण ज्याचे शे-दोनशे प्लास्टिकचे भाग स्वतः कापून, चिकटवून आणि रंगवून युद्धकाळातील रणगाड्याची प्रतिकृती उभी करायची, असे किट हाताळून पाहण्याची सोय क्वचितच असते. ते बहुधा मुंबई, पुणे किंवा बंगळूरच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवावे लागते, नाहीतर आखातात, पोर्तुगालात, इंग्लंडमध्ये राहणाऱ्या किंवा बोटीवर काम करणाऱ्या घरच्या माणसाकडून आणवावे लागते. म्हणजे निर्णय घ्यायचा तो झाकणावरच्या चित्रावरून, आणि आत काय दर्जाचे प्लास्टिक आहे याविषयी ते चित्र काहीच सांगत नाही. पेटी न उघडता किटची पारख कशी करावी, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

आधी रणगाडा, मग पेटी

पहिल्या पायरीवर कंपनी, किंमत आणि सवलत यांचा विचार बाजूला ठेवावा आणि कोणत्या लढाईतला कोणता रणगाडा आपल्याला हवा आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. ‘टायगर हवा’ असे लिहून भागत नाही. टायगर १ हा जर्मन रणगाडा १९४२ ते १९४४ या काळात बनला आणि त्या दोन वर्षांत त्याचे रूप बरेच बदलले: १९४३ च्या उन्हाळ्यात टरेटवरील, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावरील, कमांडरचा उंच, गोल मनोरा बदलला, त्या वर्षाच्या उत्तरार्धात चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून पृष्ठभागावर झिमेरिट नावाचा खडबडीत लेप थापला जाऊ लागला, आणि १९४४ च्या सुरुवातीला रबरी धावांच्या चाकांच्या जागी पोलादी चाके आली. ट्युनिशियात एप्रिल १९४३ मध्ये ब्रिटिशांनी पकडलेला आणि आज इंग्लंडमधील बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात असलेला ‘टायगर १३१’ हवा असेल, तर झिमेरिट असलेले उत्तरकालीन किट कितीही स्वस्त मिळाले तरी उपयोगाचे नाही.

अमेरिकी शर्मन रणगाड्याच्या बाबतीत तर नावावर मुळीच विसंबू नये. एम४, एम४ए१, एम४ए२, एम४ए३, एम४ए४ ही सगळी शर्मनचीच रूपे आहेत. एम४ए१ चे धड ओतीव असल्यामुळे कडा गोलसर दिसतात, तर इतरांची धडे मुख्यतः पत्रे जोडून केलेली असल्यामुळे कोनदार आहेत. ब्रह्मदेशाच्या मोहिमेत १९४५ साली मेइक्टिला येथे लढलेल्या २५५व्या इंडियन टँक ब्रिगेडमध्ये प्रोबिन्स हॉर्स आणि रॉयल डेक्कन हॉर्स या भारतीय रेजिमेंटकडे शर्मन होते आणि ते एम४ए४ या प्रकारचे होते. क्रायसलरचे पाच इंजिने एकत्र जोडून केलेले भलेमोठे यंत्र मावावे म्हणून एम४ए४ चे धड सुमारे २८ सेंटिमीटरने लांबवलेले होते. १/३५ च्या, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढ्या, प्रतिकृतीत हा फरक ८ मिलिमीटरचा होतो आणि चाकांच्या जोड्यांमधील वाढलेल्या अंतरामुळे तो लगेच नजरेत भरतो. बाजारात सहज मिळणारे एम४ए३ चे किट आणून त्यावर डेक्कन हॉर्सच्या खुणा लावल्या, तर जाणकाराला पहिल्या दृष्टिक्षेपात चूक दिसेल.

गोव्यातील नवोदिताने पहिल्या किटसाठी स्टुअर्टचा विचार करावा, असा माझा आग्रह आहे, आणि त्यामागे जिव्हाळ्याचे कारण आहे. १९४४ साली इंफाळ-कोहिमाच्या लढाईत ७ लाइट कॅव्हलरीकडे हे हलके अमेरिकी रणगाडे होते. याच रेजिमेंटने १ नोव्हेंबर १९४८ रोजी सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील झोजिला खिंडीत स्टुअर्ट चढवले. श्रीनगरहून नेताना त्यांचे सुटे भाग करून ते पुलांवरून ओढून न्यावे लागले होते. आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या मुक्तीसाठी आलेल्या सैन्यात हीच रेजिमेंट होती. आग्वादच्या किल्ल्यापाशी तिचे मेजर शिवदेव सिंग सिद्धू धारातीर्थी पडले. ज्या रेजिमेंटचा आपल्या भूमीशी असा संबंध आहे, तिच्या हातातला रणगाडा आपल्या टेबलावर उभा करणे, ही सुरुवात मला फार योग्य वाटते.

अर्थात इथेही ‘स्टुअर्ट’ एवढ्यावर थांबू नये. इंफाळ-कोहिमाच्या लढाईतील गाड्या एम३ मालिकेच्या होत्या, तर झोजिलाच्या एम५ होत्या. एम३ मध्ये विमानाचे रेडियल इंजिन होते. एम५ मध्ये कॅडिलॅकची दोन मोटारगाडीची इंजिने बसवली गेली, त्यामुळे तिची मागची पाठ पायरीसारखी उंच झाली. मूळ एम३ चा चालकापुढचा पत्रा जवळजवळ उभा आहे, एम५ चा उतरता आहे. छायाचित्रात हे दोन भाग दिसले की गाडी कोणती, हे नवखा माणूसही सांगू शकतो. मात्र पेटीतील डेकलमध्ये, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांमध्ये, भारतीय रेजिमेंटच्या खुणा बहुधा नसतात. त्या वेगळ्या मिळवाव्या लागतात किंवा बारीक कुंचल्याने रंगवाव्या लागतात, हे आधीच गृहीत धरावे.

खरा रणगाडा पाहायचा असेल, तर मराठी माणसाला फार लांब जायला नको. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर येथील कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून आहे आणि तेथे मटिल्डा, व्हॅलेंटाईन, चर्चिल असे दुसऱ्या महायुद्धातील रणगाडे जवळून पाहता येतात. वेल्डिंगचा ओबडधोबड जोड, ओतीव पोलादाचा खरखरीत पृष्ठभाग आणि ट्रॅकच्या, म्हणजे चाकांभोवती फिरणाऱ्या साखळीपट्ट्याच्या, कड्यांची जाडी एकदा डोळ्यांखालून गेली की किटच्या छायाचित्रात काय शोधायचे, हे समजते.

प्रमाण

रणगाड्यांच्या किटसाठी १/३५ हे सर्वांत रूढ प्रमाण आहे. जपानच्या तामिया कंपनीने जर्मन पँथर रणगाड्याच्या आपल्या सुरुवातीच्या किटमध्ये मोटर आणि बॅटऱ्या बसाव्यात अशा हिशेबाने आकार ठेवला, त्यातून हे विचित्र वाटणारे प्रमाण आले आणि पुढे साऱ्या जगाने ते स्वीकारले. तोफेसह ८.४५ मीटर लांबीचा टायगर १/३५ मध्ये सुमारे २४ सेंटिमीटरचा होतो, १/४८ मध्ये साडेसतरा, १/७२ मध्ये बारापेक्षा थोडा कमी, आणि १/१६ मध्ये अर्ध्या मीटरहून लांब. साडेचार मीटरचा स्टुअर्ट मात्र १/३५ मध्येही १३ सेंटिमीटरांतच बसतो.

नवोदित पुष्कळदा १/७२ कडे वळतात, कारण ते स्वस्त असते आणि जागाही कमी लागते. पहिल्या किटसाठी मी तसे सुचवणार नाही. त्या प्रमाणात मशीनगनची नळी टाचणीहून बारीक होते आणि चिमट्यातून निसटली की सापडत नाही. १/४८ हा चांगला मध्यममार्ग आहे, पण निवड मर्यादित आहे आणि तामियाच्या या मालिकेतील सुरुवातीच्या काही किटमध्ये धडाचा खालचा भाग धातूचा होता; त्याला प्लास्टिकचा डिंक चालत नाही, फेविक्विकसारखा सुपरग्लू वापरावा लागतो. पहिल्यासाठी १/३५ घ्यावे आणि काचेच्या कपाटात एका रणगाड्याची जागा आधीच मोजून ठेवावी, कारण उघड्या फळीवर इथली तांबडी धूळ आणि खारी हवा प्रतिकृतीला लवकर म्हातारी करते.

साचा किती जुना आहे

किट निवडण्यातील हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि नवोदितांची फसगत होते ती इथेच. प्लास्टिकचे किट पोलादी साच्यातून काढले जाते, तो साचा पन्नास वर्षेही टिकतो, आणि कंपन्या जुन्या साच्याचे किट नव्या पेटीत, नव्या चित्रासह पुन्हा पुन्हा बाजारात आणतात. तामियाचाच एम३ स्टुअर्ट घ्या. १९७० च्या दशकातील एक किट आहे आणि त्यानंतर चार दशकांहून अधिक काळाने पूर्णपणे नव्या साच्यातून काढलेले दुसरे. दोन्ही १/३५ आणि दोन्ही एकाच कंपनीची, पण जुन्या किटमधील बारकावे त्या काळच्या मानाने ठीक, आजच्या मानाने ढोबळ आहेत. अशा जुन्या काही किटच्या धडाच्या तळाला मोटर आणि स्विचसाठी ठेवलेली छिद्रेही आढळतात, ती बुजवावी लागतात. विक्रेत्याच्या यादीत दोन्ही ‘तामिया एम३ स्टुअर्ट’ म्हणूनच असतील. म्हणून पेटीवरील कॅटलॉग क्रमांक विक्रेत्याकडून मागून घ्यावा आणि तो स्केलमेट्स या संकेतस्थळावर टाकून पाहावा. तिथे प्रत्येक किटचा वंशवेल दिलेला असतो: साचा कोणत्या वर्षी प्रथम बनला, नंतर कोणत्या पेटीत गेला, मध्ये नवे भाग घातले गेले का, हे सगळे एका पट्टीवर दिसते.

हाच शोध दुसरी गोष्टही उघड करतो, ती म्हणजे एका कंपनीच्या पेटीत दुसऱ्या कंपनीचे किट असणे. एअरफिक्सच्या नावाने आलेले १/३५ चे अनेक रणगाडे कोरियाच्या ॲकॅडमीच्या साच्यांतले आहेत. यात लबाडी काही नाही, तो उघड व्यवहार असतो. पण एकच किट दोन किमतींना मिळत असेल, तर कमी किमतीचे घेण्यात शहाणपणा आहे. पेटीच्या कडेला छापलेले वर्ष साच्याचे असेलच असे नाही, पुष्कळदा ते त्या पेटीचे असते.

नवा साचा म्हणजे आपोआप चांगली निवड, असाही अर्थ काढू नये. युक्रेनच्या मिनिआर्टची सोव्हिएत टी-३४ किंवा अमेरिकी ली या रणगाड्यांची काही किट आतल्या इंजिनासह आणि दारूगोळ्याच्या कप्प्यांसह येतात आणि त्यांच्या भागांची संख्या हजाराच्या वर जाते. ती अप्रतिम आहेत, आणि पहिल्या किटसाठी अगदी अयोग्य आहेत. अर्धवट जोडलेला रणगाडा पेटीत परत गेला की सहसा बाहेर येत नाही. नवोदिताला हाती तयार रणगाडा लागणे फार आवश्यक आहे. साचा गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला, भाग दोनशेच्या आसपास आणि जुळणी नेमकी, असे किट शोधावे. या कसोटीला तामियाची नवी किट बहुतेक वेळा उतरतात, रशियाच्या झ्वेझ्दाचीही अलीकडची काही किट चांगली आहेत. ड्रॅगनची किट बारकाव्यांत श्रेष्ठ आहेत, पण त्यांच्या सूचनापत्रिका गुंतागुंतीच्या असतात आणि वापरायचे नसलेले भागही पेटीत भरपूर असतात, त्यामुळे नवखा गोंधळतो.

चाके आणि ट्रॅक

एकूण भागांच्या आकड्याइतकेच महत्त्व चाकांच्या संख्येला आहे, आणि हे कोणत्याही पेटीवर लिहिलेले नसते. प्रत्येक चाक स्प्रूवरून, म्हणजे भाग धरून ठेवणाऱ्या चौकटीवरून, कापावे लागते. साच्याच्या दोन अर्धांच्या सांध्यामुळे त्याच्या धावेवर उठलेली बारीक रेघ चाकूच्या पात्याने खरवडावी लागते आणि मग पॉलिशपेपर फिरवावा लागतो. स्टुअर्टला एका बाजूला ४ मुख्य चाके आणि मागे जमिनीला टेकणारे एक मोठे चाक आहे, शर्मनला ६, टी-३४ ला ५ (प्रत्येक दुहेरी). सुरुवातीच्या टायगरला मात्र एका बाजूला ८ आसांवर प्रत्येकी ३ अशी २४ चाके, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ४८. ती एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे रंगवून मग बसवावी लागतात, आणि एक जरी तिरके बसले तर पुढची सगळी रांग वाकडी दिसते. सर्वांत लोकप्रिय रणगाडा पहिल्या प्रयत्नासाठी सोपा नाही, तो प्रामुख्याने या चाकांमुळे.

ट्रॅक तीन प्रकारचे येतात. पहिला प्रकार लवचीक पट्ट्याचा: तो गुंडाळून टोके जोडली की काम झाले. जुन्या किटमधील असा पट्टा प्लास्टिकच्या डिंकाने चिकटत नाही, त्याची टोके तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने दाबून वितळवावी लागतात. शिवाय काही मऊ पट्ट्यांतील तेलकट द्रव्य कालांतराने प्लास्टिकच्या चाकांना मऊ करून खाते, म्हणून चाकांना प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, आणि रंग पूर्ण दिल्याशिवाय असा पट्टा चढवून ठेवू नये. दुसऱ्या प्रकारात वरची-खालची सरळ लांबी एकसंध आणि वळणावरच्या कड्या सुट्या असतात. वरच्या बाजूला ट्रॅकला येणारा स्वाभाविक झोल यात साच्यातच दिलेला असतो, त्यामुळे थोड्या श्रमात तो सर्वांत खरा दिसतो. नवोदितांनी हाच पसंत करावा. तिसऱ्या प्रकारात प्रत्येक कडी सुटी: शर्मनला एका बाजूला साधारण ७९, टायगरला ९६. किटच्या वर्णनात ‘वर्केबल ट्रॅक’ असे शब्द दिसले, तर कित्येक संध्याकाळी केवळ कड्या जोडण्यात जातील, हे समजून मगच पैसे द्यावेत.

पितळी पत्र्याच्या जाळीदार भागांचे, म्हणजे फोटो-एचचे, पाकीट किटसोबत असेल तर घाबरायचे कारण नाही. इंजिनावरच्या जाळीपुरते एखाद-दुसरे असेल तर उत्तम. अशी अनेक पाकिटे असलेले किट पुढच्या वेळेसाठी ठेवावे.

रंग आणि आपला पावसाळा

एकरंगी रणगाडा निवडावा. अमेरिकी आणि सोव्हिएत रणगाडे बहुतांशी एकाच हिरव्या छटेचे होते. ते कॅनमधील स्प्रेने किंवा रुंद, मऊ कुंचल्यानेही चांगले रंगवता येतात. जर्मनीच्या १९४३ नंतरच्या रणगाड्यांवर गडद पिवळ्यावर हिरवे आणि तपकिरी फवारलेले पट्टे असतात आणि त्यांच्या धूसर कडा एअरब्रशशिवाय, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या उपकरणाशिवाय, साधत नाहीत. एअरब्रश आणि काँप्रेसरचा खर्च कित्येक किटच्या किमतीएवढा होतो, म्हणून रंगसंगती पाहूनच रणगाडा ठरवणे हिताचे आहे.

गोव्यात रंगकामाला हंगाम असतो, ही गोष्ट बाहेरच्या मार्गदर्शकांत सापडणार नाही. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की लॅकर प्रकारचा स्प्रे मारला की द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतील बाष्प बसते आणि रंगावर पांढुरकी साय धरते. पाण्यातले ॲक्रिलिक रंगही दोन थरांमध्ये फार वेळ ओले राहतात. जोडणीला मात्र पावसाळ्याची अडचण नाही. म्हणून किट मिरगाच्या आसपास घरी येईल असे पाहावे, पावसाळ्यात आणि चवथीच्या सुट्टीत जोडणी पूर्ण करावी आणि दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की रंगाला हात घालावा. पावसात खिडक्या बंद असतात, पण पातळ डिंकात ॲसिटोनसारखी द्रावके असल्यामुळे जोडणीच्या वेळी निदान एक झडप उघडी आणि पंखा चालू असू द्यावा.

खरेदी

हिशेब करताना केवळ किटचा करू नये. स्प्रूवरून भाग कापायची नीपर, चाकू, चिमटा, पॉलिशपेपर, पातळ डिंक, प्रायमर, दोन-तीन रंग आणि शेवटचा मॅट वार्निशचा थर, हे सगळे धरले की पहिल्या वेळी साहित्याची रक्कम किटच्या बरोबरीला सहज जाते. नीपर चांगली घ्यावी आणि वापरानंतर पात्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब फिरवावा. किनारपट्टीच्या हवेत ती एका पावसाळ्यात गंजते.

घरचे माणूस परदेशातून येत असेल, तर त्याच्याकडून किट मागवावे, पण डिंक आणि स्प्रेचे कॅन मागवू नयेत. ते ज्वालाग्राही असल्यामुळे विमानाच्या सामानात चालत नाहीत. देशातील विक्रेतेही ते रस्त्याने पाठवतात, म्हणून त्यांची मागणी किटच्या आधी नोंदवावी. सामानात जागा नाही म्हणून पेटी मोडून स्प्रू कपड्यांत गुंडाळून आणण्याचा सल्ला काही जण देतात. तसे केल्यास तोफेची नळी आणि बारीक कड्या हमखास मोडतात. परदेशी दुकानातून थेट टपालाने मागवल्यास सीमाशुल्क आणि कर भरावे लागू शकतात, तेव्हा ती रक्कम धरूनच देशातील विक्रेत्याच्या किमतीशी तुलना करावी.

जुने, बंद पेटीतले किट कोणी स्वस्तात देत असेल, तर डेकलच्या पानाचे स्पष्ट छायाचित्र मागावे. आपल्या हवेत डेकल पिवळे पडतात, त्यांवर बुरशी येते, वरच्या संरक्षक कागदाला ते चिकटून बसतात, आणि सूचनापत्रिका कसर खाते. प्लास्टिक सहसा शाबूत असते, त्यामुळे डेकल वेगळे मिळणार असतील तर असा सौदा वाईट नाही.

पेटी घरी आल्यावर

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढावा. भाग कमी निघाल्यास बहुतेक विक्रेते तोच पुरावा मागतात. कुरिअरवाल्याने पार्सल स्कूटरच्या डिकीत किंवा आपण ते मोटारीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नये, कारण एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत प्लास्टिकचे लांब, सपाट भाग पिळवटतात. सूचनापत्रिकेत सर्व स्प्रूंचे चित्र आणि त्यांची अक्षरे दिलेली असतात. त्याबरहुकूम एकेक स्प्रू मोजावा. ट्रॅक, चाकांच्या आतील रबरी टोप्या, फोटो-एचचे पाकीट आणि डेकल वेगळे तपासावेत. धडाचा खालचा भाग आरशावर किंवा काचेवर ठेवून चारही कोपरे टेकतात का, ते पाहावे. तोफेच्या टोकाशी आणि पातळ दांड्यांशी प्लास्टिक पूर्ण भरले गेले आहे ना, हेही पाहावे, कारण साच्यात प्लास्टिक अपुरे पोहोचले तर नेमके हेच भाग तोकडे राहतात.

ही सगळी तपासणी होईपर्यंत एकही भाग कापू नये. कापलेले किट परत घेतले जात नाही. सारे ठीक असेल, तर डेकलचे पान सिलिका जेलच्या पुडीसह झिप असलेल्या पिशवीत बंद करून ठेवावे, ते रंगकाम होईपर्यंत लागणार नाही. मग सूचनापत्रिका शेवटपर्यंत वाचावी आणि एकाच पेटीतून दोन-तीन रूपे करता येत असतील, तर आपण सुरुवातीला लिहून ठेवलेल्या रणगाड्याला कोणते पर्यायी भाग लागू आहेत, त्यांवर पेन्सिलने खूण करून उरलेल्यांवर काट मारावी.